डोंगल जोडावे कसे? संसारी नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

पात्रता

हॉलमध्ये दाराच्या वर राउटर लुकलुकतो आहे, घरातले चार मोबाइल आणि एक टीव्ही त्याच्यावर तृप्त आहेत, आणि आतल्या खोलीतला डेस्कटॉप मात्र नेटवाचून ताटकळत बसला आहे, अशा कुटुंबांसाठी ही मार्गदर्शिका लिहिली आहे. लॅपटॉपवाल्यांच्या यंत्रात वायफाय जन्मतःच असते. त्यांनी वाचायला हरकत नाही, फक्त मधेमधे हसू नये.

डेस्कटॉप आतल्या खोलीत का, याचे उत्तर बहुतेक घरांत एकच असते. मुलगा दहावीला होता आणि हॉलमध्ये अभ्यास होत नव्हता. मुलगा आता बंगळुरूला असतो. टेबल बाहेर आणायचे राहून गेले. राउटर दाराच्या वर का, याचेही उत्तर ठरलेले. नेट जोडायला आलेला पोरगा "काका, वायर इथनंच येते" म्हणाला, त्याने ड्रिलने भोक पाडले आणि काका काही बोलायच्या आत शिडी मिटली. एक निर्णय दहावीने घेतला, दुसरा ड्रिलने. दोन्हींच्या मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट आहे. या दोघांची गाठ घालून देणाऱ्या बोटाएवढ्या उपकरणाला खोक्यावर ‘वायरलेस यूएसबी नेटवर्क अडॅप्टर’ म्हणतात, दुकानात ‘वायफाय डोंगल’ म्हणतात आणि घरात ‘ते तुमचं काय ते’ म्हणतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगून टाकतो. राउटरपासून संगणकापर्यंत सरळ लॅनची केबल टाकली, तर पुढचे काहीही करावे लागत नाही. केबल पासवर्ड विचारत नाही, भिंतींना घाबरत नाही आणि वेगही जास्त देते. पण ती दोन उंबऱ्यांवरून जाते, फरशी पुसताना मावशींच्या पायात येते आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा निघाली की निघालीच. तांत्रिकदृष्ट्या उत्तम आणि कौटुंबिकदृष्ट्या अशक्य असा हा उपाय आहे. म्हणून डोंगल.

साहित्य

डोंगल एक. यूएसबीची एक्स्टेन्शन केबल, मीटरभर, एक. डेटा शिल्लक असलेला अँड्रॉइड फोन आणि त्याची केबल. टॉर्च. टेबलाखाली शिरू शकेल अशी एक व्यक्ती आणि टॉर्च धरू शकेल अशी दुसरी. वायफायचा पासवर्ड, जो या क्षणी घरात कोणालाही आठवत नाही.

एक्स्टेन्शन केबल घेतली नाही तरी चालते, असे दुकानदार सांगेल. चालत नाही. कारण पुढे येईल.

मुहूर्त

पुण्यात असाल तर गुरुवार टाळावा; त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाते. घरातले कोणी ‘मीटिंगमध्ये’ असताना राउटरला हात लावू नये. सामन्याची शेवटची पाच षटके चालू असतील तर राउटरच्या दिशेने बघूही नये.

खरेदी

मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडला जावे, पुणेकरांनी बुधवारातल्या तपकीर गल्लीत. दोन्हीकडे तुमच्यासमोर काउंटरवर चारपाच खोकी टाकली जातील आणि प्रत्येकावर एक आकडा असेल: १५०, ३००, ६००, १२००. सोबत चक्राकार बाण, निळा प्रकाश आणि अवकाशात झेपावणारे काहीतरी. नवशिक्याने या आकड्यांपुढे लगेच मान तुकवू नये.

६०० चे उदाहरण घ्या. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. हे डोंगल पहिल्या पट्ट्यावर सेकंदाला १५० मेगाबिट आणि दुसऱ्यावर ४३३ मेगाबिट अशा कागदोपत्री वेगाचे असते. दोन्हींची बेरीज ५८३. तिला गोल करून खोक्यावर ६००. पण डोंगल एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलू शकते. ज्याच्याकडे एक सायकल आणि एक स्कूटर आहे त्याने आपला वेग दोन्ही मिळून ताशी सत्तर आहे म्हणावे, तसा हा हिशोब आहे. १२०० चेही तेच: ३०० अधिक ८६७, आणि वर थोडी उदारता.

शिवाय हे मेगाबिट आहेत. संगणकावर फाइल उतरताना जो वेग दिसतो तो बहुधा मेगाबाइटमध्ये असतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे ८० मेगाबिटचे नेट पूर्ण ताकदीने चालले तरी पडद्यावर सेकंदाला १० मेगाबाइटच दिसणार. हे न कळल्यामुळे अनेक सज्जनांनी नेटवाल्याला फोन करून सुनावलेले आहे. आणि घरचा प्लॅनच ५० चा असेल तर १२०० चे डोंगल आणून काय होणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तरीही स्वस्तातले १५० वाले घेऊ नका, असा माझा सल्ला आहे, आणि त्याचे कारण वेग नव्हे, गर्दी. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि तेव्हापासून तिथे ज्याला त्याला प्रवेश आहे. तुमचा राउटर, शेजारच्यांचा राउटर, वरच्यांचा, खालच्यांचा, ब्लूटूथचे हेडफोन, वायरलेस माउस, सगळे तिथेच. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. रात्रीची भाजी गरम करायला ठेवली की आतल्या खोलीतला व्हिडिओ अडखळतो तो योगायोग नसतो. या पट्ट्यात एकमेकांच्या पायावर पाय न देणारे चॅनेल फक्त तीन, १, ६ आणि ११. सोसायटीच्या एका विंगमधले सगळे राउटर या तिघांवर वाटून बसवायचे म्हटल्यावर काय होते, ते लोकलच्या प्रवाशांना सांगायला नको.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस आहे. आपल्याकडे २०१८ मध्ये तो पट्टा आणखी रुंद करून खुला करण्यात आला. पण त्याला भिंती सोसत नाहीत. एक भिंत चालते, दुसरीला तो दमतो आणि लोखंडी कपाटापुढे हात टेकतो. तात्पर्य, दोन्ही पट्टे समजणारे डोंगल घ्यावे आणि कुठला कामाला येतो ते घराच्या भिंतींना ठरवू द्यावे. खोक्यावर ‘८०२.११ बी/जी/एन’ एवढेच छापले असेल तर ते बहुधा फक्त २.४ चे असते. ‘एसी’ किंवा ‘एएक्स’ ही अक्षरे असतील तर बहुधा ५ धरून.

याच ठिकाणी काउंटरवर एक संवाद हमखास ऐकू येतो.

"आमच्याकडे फाइव्ह-जी आहे हं."

"काका, कुठलं फाइव्ह-जी? मोबाइलचं?"

"नाही हो, घरातच येतं. वायफायच्या नावापुढे लिहून येतं."

ते नावापुढचे ‘५जी’ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. मोबाइल कंपन्यांच्या फाइव्ह-जीशी त्याचा आडनावापुरताही संबंध नाही. घरी गेल्यावर डोंगलला ‘५जी’वाले नाव दिसलेच नाही, तर डोंगल खराब नसून एका पट्ट्याचे आहे.

अँटेनाबद्दल: नखाएवढे डोंगल दिसायला गोजिरे असते आणि लावले की विसरून जाता येते. नखाएवढ्या डोंगलमध्ये अँटेनाही नखाएवढीच मावते. राउटर त्याच खोलीत असेल तर ठीक. दोन भिंतींपलीकडे असेल तर उभ्या दांडीची अँटेना असलेले घ्या, मग ते कितीही कुरूप दिसो.

जाणकार मंडळी खोक्यावरचे नाव पाहत नाहीत, आतली चिप कोणाची ते विचारतात. बहुतेक डोंगलांच्या पोटात रिअलटेकची किंवा मीडियाटेकची चिप असते, बाहेरचे कवच कोणाचेही असो. त्यातही गंमत अशी की त्याच नावाच्या, त्याच मॉडेलच्या दोन खोक्यांत वेगवेगळ्या चिपा निघू शकतात. फरक फक्त लेबलावर बारीक अक्षरात ‘व्हर्जन २’ असा असतो. विंडोजवाल्यांना हे सहसा पचून जाते. मुलाने जाताना ज्यांच्या संगणकावर लिनक्स टाकून ठेवले आहे त्यांनी मात्र चिप विचारूनच पैसे द्यावेत. मीडियाटेकच्या बऱ्याच चिपा लिनक्सला उपजत समजतात. रिअलटेकच्या अनेक जुन्या चिपांसाठी ड्रायव्हरचा, म्हणजे संगणकाला डोंगलची ओळख करून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा, कोड नेटवरून आणून स्वतः कंपाइल करावा लागत असे.

खोके उघडणे

खोक्यात डोंगल असते, तळहातात मावेल एवढी छोटी सीडी असते आणि घडी घालून घालून पोस्टाच्या तिकिटाएवढे केलेले एक माहितीपत्रक असते. माहितीपत्रक अनेक भाषांत आहे. त्यात मराठी नाही. असती तरी ते अक्षर वाचायला भिंग लागले असते.

सीडीविषयी. नवीन संगणकाला सीडीचा ड्राइव्ह नसतो. जुन्या संगणकाला असतो, पण त्याचा ट्रे बाहेर येत नाही. ट्रेच्या खाली टाचणीएवढे भोक असते. त्यात यूपिन सरळ करून खुपसली की तो नाइलाजाने बाहेर येतो, आणि बहुतेक वेळा त्यात २०१४ सालची कोणाच्या तरी लग्नाची सीडी सापडते. ती पाहत बसू नये.

सीडी गेली म्हणावे आणि माहितीपत्रकाकडे वळावे. तिथे लिहिलेले असते की ड्रायव्हर आमच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करा. म्हणजे नेट चालू व्हायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला नेट हवे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातलाच हा प्रकार. इथेच बहुसंख्य नवशिक्यांचे घोडे अडते आणि डोंगल शोकेसच्या खालच्या खणात जुन्या चार्जरांच्या संगतीला जाते.

ज्यांचे विंडोज १० किंवा ११ आहे त्यांनी एवढे निराश होऊ नये. डोंगल खुपसावे आणि मिनिटभर काहीच करू नये. पुष्कळ डोंगलांचे ड्रायव्हर विंडोजच्या पोटात आधीपासून असतात; उजव्या कोपऱ्यात वायफायचे चिन्ह आपोआप उगवते. तसे झाले तर पुढचे दोन भाग सोडून थेट पासवर्डावर यावे. ही शक्यता लेखाच्या सुरुवातीला सांगितली असती तर कोणी पुढे वाचले नसते.

चिन्ह उगवले नाही तर ‘धिस पीसी’ (पूर्वीचे ‘माय कॉम्प्युटर’) उघडून बघा. काही डोंगले पहिल्या भेटीत आपण डोंगल आहोत हे कबूलच करत नाहीत. ती ‘मी सीडी ड्राइव्ह आहे’ असे संगणकाला सांगतात आणि त्या खोट्या सीडीत खरा ड्रायव्हर ठेवलेला असतो. त्यातली ‘सेटअप’ फाइल चालवली की सीडी अंतर्धान पावते आणि तिच्या जागी नेटवर्क कार्ड प्रकट होते. ही लबाडी मला तरी मनापासून आवडते.

तेही नसेल तर फोन. अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडायचा, सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर जायचे आणि ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचे. संगणकाला वाटते आपल्याला वायरचे नेट लागले. वायफायचे डोंगल त्यात कुठेच येत नाही, त्यामुळे त्याच्या ड्रायव्हरचा प्रश्नही येत नाही. अट एकच, केबल डेटाची हवी. स्टेशनबाहेरच्या केबलींतल्या बऱ्याच फक्त चार्जिंग करतात. त्या लावल्या की फोन भरत राहतो आणि टेदरिंगचे बटण करडेच राहते. आयफोनवाल्यांना संगणकावर आधी ॲपलचे सॉफ्टवेअर लागते, ते नेटवर असते, आणि आपण फिरून पहिल्या चौकात येतो. त्यांनी शेजाऱ्यांचा फोन मागावा.

कुठे खुपसावे

संगणकाच्या खोक्याला पुढे दोन आणि मागे चारसहा यूएसबीची भोके असतात. मागची भोके थेट मदरबोर्डवर असतात, म्हणून मागे लावा असे बहुतेक सल्लागार सांगतात. तुम्ही टेबलाखाली शिरता.

खाली अंधार आहे. जाळ्या आहेत. जांभळी आणि हिरवी अशी दोन गोल भोके आहेत, ज्यांत एकेकाळी कीबोर्ड आणि माउस लावत. मॉनिटरच्या जाड केबलचे दोन स्क्रू आहेत, एक घट्ट आणि एक गायब. धुळीचा थर पंख्याच्या जाळीवर असा बसला आहे की हात लावला तर तुकडा निघेल. वरून आवाज येतो.

"सापडलं का?"

"अहो, टॉर्च इकडे धरा ना जरा."

"धरलाय की."

"माझ्या डोळ्यावर धरलाय. भोकावर धरा."

"कुठल्या भोकावर? इथे दहा आहेत."

डोंगल बसत नाही. उलटे करता. तरी बसत नाही. पुन्हा सुलटे करता, बसते. यूएसबी ज्यांच्या पुढाकाराने इंटेलमध्ये घडली ते अजय भट्ट बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग केला असता तर तारा आणि खर्च वाढला असता, म्हणून तो एकाच बाजूने बसतो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. टेबलाखाली वाकलेल्या माणसाला हे कारण पटायला वेळ लागतो.

आणि एवढे करून डोंगल चुकीच्या जागी लागलेले असते. संगणकाचे खोके पत्र्याचे. त्याच्या पाठीमागे भिंत, पुढे राउटर. म्हणजे डोंगल आणि राउटर यांच्यामध्ये तुम्ही स्वखुशीने आणखी एक लोखंडी कपाट उभे केलेत.

दुसरी मेख निळ्या भोकांत आहे. आतून निळी असलेली भोके यूएसबी ३ ची, सेकंदाला ५ गिगाबिटची. त्यांतून माहिती धावू लागली की आजूबाजूला रेडिओचा खरखराट पसरतो आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या परिसरात असतो. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढले होते. म्हणून बाहेरची हार्ड डिस्क निळ्या भोकात लावून फोटो कॉपी करायला घेतले की शेजारच्या भोकातल्या डोंगलचे नेट तुटते, आणि ‘फोटो कॉपी केल्यामुळे नेट जातं’ या तक्रारीवर घरात कोणाचाही विश्वास बसत नाही. तक्रार खरी असते.

दोन्हींवर उतारा म्हणजे ती मीटरभर एक्स्टेन्शन केबल. एक टोक मागच्या काळ्या भोकात, दुसरे टेबलावरून वर, आणि डोंगल मॉनिटरच्या कडेला किंवा पुस्तकांच्या फळीवर उघड्यावर ठेवायचे, जिथून दार दिसते. मोबाइलसारखा पूर्ण सिग्नल येतो की नाही हे पाहायला नुसते चिन्हातल्या रेघा मोजू नयेत. डोंगल वीतभर हलवावे, थांबावे, पुन्हा बघावे. वीतभराने चित्र पालटते. माझ्या मते या संपूर्ण उद्योगात पैशाला पैसा वसूल करणारी वस्तू डोंगल नसून ही केबल आहे.

ड्रायव्हर

स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडायचा. तिथे संगणकाच्या अवयवांची यादी असते. ज्या अवयवाची ओळख पटलेली नाही त्याच्यापुढे पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह असते. त्यावर दोनदा क्लिक करून ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडी’ निवडला की अक्षरांची एक भयंकर ओळ दिसते. भिऊ नये. तिच्यात ‘व्हीआयडी’ या अक्षरांनंतरची चार चिन्हे निर्मात्याची असतात. ती शून्य, बी, डी, ए अशी असली तर पोटात रिअलटेक आहे. खोक्यावरच्या नावाने ड्रायव्हर शोधण्यापेक्षा या ओळीने शोधलेला बरा.

शोधताना एक पथ्य. ज्या पानावर ‘डाउनलोड’ची पाच हिरवी बटणे आहेत, त्यातले सर्वांत मोठे दाबू नये. ते तुम्हाला ड्रायव्हर देत नाही. ड्रायव्हर शोधून देणारे सॉफ्टवेअर देते, जे तुमच्या संगणकात ढीगभर दोष काढते आणि दुरुस्तीचे पैसे मागते. चिप बनवणाऱ्याचे किंवा खोक्यावरच्या कंपनीचे संकेतस्थळ सोडून इतरत्र जाऊ नये.

या टप्प्यावर घरोघरी भाच्याला फोन जातो. भाचा परदेशात असतो आणि तिथे रात्रीचे अकरा वाजलेले असतात.

"मामा, स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचून दाखवा."

"सगळं व्यवस्थित दिसतंय."

"सगळं नको. खिडकी उघडलीये ना, तिच्यात काय लिहिलंय?"

"नेक्स्ट लिहिलंय."

"त्याच्या वर काय आहे?"

"वर बरंच आहे रे. इंग्लिश आहे. मी नेक्स्ट दाबलं."

"कशाला दाबलंत?"

"तूच मागच्या वेळी म्हणालास, येईल ते नेक्स्ट करा."

भाच्याने हा सल्ला खरोखरच दिलेला असतो, आणि ड्रायव्हरच्या बाबतीत तो बहुतांशी बरोबरही असतो. नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, इन्स्टॉल, फिनिश. मधे कुठे ब्राउझर बदलू का, टूलबार टाकू का असे विचारणारी खूण दिसली तर ती काढावी. शेवटी ‘रीस्टार्ट नाऊ’ येते. ‘लेटर’ दाबू नये.

पासवर्ड

संगणक उठला की कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करा. आता विंगमधल्या सगळ्या बिऱ्हाडांची नावे दिसतात. काही नावे राउटर बनवणाऱ्याने दिलेली, काही आडनाव आणि फ्लॅट नंबर जोडून केलेली, एखादे ‘फुकट मिळणार नाही’ अशा आशयाचे, आणि एखादे कुत्र्याचे. आपले नाव निवडा. विंडोज ‘नेटवर्क सिक्युरिटी की’ मागते. ही चावी म्हणजे पासवर्डच.

पासवर्ड कोणाला माहीत आहे? आई म्हणते बाबांना. बाबा म्हणतात मुलाने ठेवला होता. मुलगा व्हॉट्सॲपवर म्हणतो, राउटरच्या खाली स्टिकर बघा. राउटर भिंतीवर, स्टिकर भिंतीकडे. स्टुलावर चढून, मोबाइल राउटरच्या मागे घालून फोटो काढावा लागतो, तोही उलटा येतो. त्याआधी एक करून पाहा. जोडणाऱ्या पोराने घरातल्या कर्त्या माणसाचा दहा आकडी मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकलेला असण्याची शक्यता मोठी असते. तो लागला तर आनंद मानून मग बदलावा, कारण जे तुम्हाला सुचले ते खालच्यांनाही सुचते. तोही न लागला, तर घरात ज्याचा अँड्रॉइड फोन आधीच जोडलेला आहे त्याच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘शेअर’ दाबा. क्यूआर कोड येतो आणि पुष्कळ फोनांवर त्याच्याखाली पासवर्डही लिहून येतो.

बरोबर पासवर्ड टाकूनही जोडणी होत नसेल तर संशय राउटरवर घ्या. २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा जुन्या डोंगलांना समजत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ आणि ३ दोन्ही चालतील असा पर्याय असतो, तो निवडावा. आणि आपले नाव यादीतच नसेल तर राउटर १२ किंवा १३ व्या चॅनेलवर गेलेला असू शकतो. भारतात ते चॅनेल चालतात, पण अमेरिकेच्या नियमांवर बेतलेले डोंगल ११ च्या पुढे बघतच नाही. राउटरला १, ६ किंवा ११ वर बसवून टाकावे.

चालले, पण चालत नाही

‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ असे आले तर नेटवर्कच्या तपशिलात आपला आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने तुम्हाला पत्ता दिलेला नाही आणि संगणकाने स्वतःच एक ठोकून दिला आहे. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केला की बहुधा भागते.

एक दुखणे मात्र जुन्या डेस्कटॉपांचे खास आहे आणि त्यावर लोक नवनवीन डोंगले विकत घेतात. वायफाय पूर्ण रेघांनी जोडलेले, व्हॉट्सॲप वेब उघडत नाही, बँकेचे पान ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ म्हणते. अशा वेळी उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचा. ती १ जानेवारी असेल आणि साल मुलाच्या दहावीच्या आसपासचे असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. तुमच्या संगणकाच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नाही, म्हणून तो दार लावून घेतो. सीआर२०३२ नावाची ही बॅटरी घड्याळवाल्याकडे मिळते. ती बदलेपर्यंत तारीख हाताने नीट केली तरी पाने उघडतात.

दर थोड्या वेळाने नेट जाऊन परत येत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलवर दोनदा क्लिक करून ‘पॉवर मॅनेजमेंट’ उघडा. तिथे वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी संगणकाला दिलेली असते. खूण काढून टाका. डोंगल एवढी वीज खात नाही की ती वाचवून महावितरणच्या बिलात फरक पडावा.

सगळे सुरळीत झाल्यावरही पहिले एकदोन दिवस नेट रडतखडत चालेल. कित्येक महिने उपाशी असलेले विंडोज साठलेली अपडेटे आधी गिळून घेते. त्यात डोंगलचा दोष नाही. अजून विंडोज १० च असेल तर त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे ते फार काळ गिळणारही नाही, पण बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. आणि एखाद्या सकाळी संगणक लावला आणि काल छान चाललेले वायफाय आज नाहीसे झाले असेल, तर रात्री विंडोजने तुमचा ड्रायव्हर काढून स्वतःचा बसवलेला असतो. डिव्हाइस मॅनेजर, डोंगलवर दोनदा क्लिक, ‘ड्रायव्हर’ नावाचा टॅब, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. विंडोज कारण विचारते. यादीतले कुठलेही कारण निवडले तरी चालते.